साडेचार किलोंची फुशारकी

१ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन वॉर्डातल्या टेबलावर आला, तो ह्यांनीच घेतला, आणि मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, परिचारिकेकडून. घरीही तेच असतं. फोन तुमचे दादा उचलतात, तासभर तुमच्याशी बोलतात आणि ठेवून देतात. माझ्या वाट्याला तुम्ही माझी चौकशी करत होता एवढी बातमी येते. म्हणून म्हटलं, आपण सरळ पत्रच लिहावं.

ह्यांची तब्येत बरी आहे. वॉर्डात सगळ्यांना तीच गोष्ट रंगवून सांगतात. शिकाऊ मुलगी गाडी चालवत होती, हे शेजारी बसून गिअर कसा टाकायचा ते सांगत होते आणि सांगता सांगताच छातीला हात लावून वाकले. ती बिचारी त्या दिवशी तिसऱ्यांदाच चाकामागे बसलेली, पण तिनं तशीच गाडी हॉस्पिटलच्या दारात आणून उभी केली. हे म्हणतात की ती परीक्षेत पास झाली असं मी धरून चालतो. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, त्याचं एवढं तरी फळ मिळालं.

आता मनातलं लिहिते. भेटीची वेळ रोज एक तास, आत एकालाच सोडतात, आणि तुम्ही इथे होता ते दोन्ही दिवस आत तुम्हीच बसलात. मी बाहेर बाकावर त्यांच्या चपला पिशवीत घालून बसले होते. राग आला नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, आला. त्याहून जास्त आला तो डॉक्टरांसमोर. त्यांनी विचारलं, आधी कधी छातीत दुखलं होतं का. मी ठामपणे नाही म्हटलं. आणि हे शांतपणे म्हणाले की महिनाभर दुखतंय, बहिणीला सांगितलंय. बावीस वर्षं मी त्यांच्या शर्टांची बटणं लावते, वन्सं. त्या शर्टाच्या आत काय चाललंय ते दोनशे मैलांवरच्या तुम्हाला ठाऊक, मला नाही.

आणखी एक. इथले डॉक्टर ह्यांचं रक्त तुमच्या प्रयोगशाळेला पाठवतात म्हणे, पहिल्या दिवशी एक नळी, तिसऱ्या दिवशी दुसरी. ह्यांनी मोठ्या हौसेनं सही केली. त्या रक्तात काय बघता ते मलाही समजेल अशा भाषेत कळवा. लोभ आहे तेवढाच राहू द्यावा, जास्तीची अपेक्षा नाही.

तुमची,
वहिनी


५ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्यात खोटं काही सापडलं नाही. तू बाकावर आहेस हे मला माहीत होतं. उठायला हवं होतं, उठले नाही. छातीचं म्हणशील तर दादानं मला शपथ घातली होती. लग्नसराईचे कपडे तुझ्या मशीनवर साठलेत, तिला आत्ता नको सांगूस, म्हणाला. मी त्याला डॉक्टरकडे जा म्हणून चारदा सांगितलं आणि तुला एकदाही कळवलं नाही. ती चूक माझी आहे.

रक्ताचं सांगते. हृदयाचा झटका आला की तिथला थोडा स्नायू मरतो आणि त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं. त्यावरून झटका किती मोठा होता ते कळतं. आणखी एक द्रव्य असतं, हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ते वाढतं. तिसरं शरीरातली सूज सांगतं. हे तिन्ही आकडे एकत्र मांडले तर पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कोणाला त्रास होणार आणि कोण सुखात राहणार, हे आधीच ओळखता येईल का, एवढंच आम्ही बघतोय. अजून ते सिद्ध झालेलं नाही, म्हणून आकडे डॉक्टरांनाही देत नाही. नळ्यांवर नावं नसतात, क्रमांक असतात. कोणती नळी कोणाची हे आम्हाला कळता कामा नये, नाहीतर सगळ्या मोजमापावर पाणी पडतं. तीन वर्षं हे काम मी सांभाळते आहे.

आता तुझ्या नणंदेचा आगाऊपणा सहन कर. दादा घरी आला की रोज सकाळी, काही खाण्याआधी, त्याचं वजन कर. रोज. आणि मला लिहून पाठव. जेवणात मीठ अगदी कमी. एवढं माझ्यासाठी कर. लोभ थोडा वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझी,
चिमी


९ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

हे परवा घरी आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलंय. समोर माझं मशीन, त्यामुळे दिवसभर माझं काम बघतात आणि चुका काढतात. काल एका झग्याची बाही उलटी लागली ती ह्यांच्यामुळेच, पण कबूल कोण करणार.

तुमचं पत्र वाचलं. वजनाचा काटा आमच्या घरात नाही, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात आहे. आजारी माणसाला रोज सकाळी उपाशीपोटी तिथवर चालवत नेऊ का? त्यांचं जेवण तुम्ही आठवीत असल्यापासून मोजता आहात. लग्न होऊन आले तेव्हा दादाला दुसरी वाढ घेऊ दे म्हणून तुम्ही माझ्या हातातला डाव घेतला होता, आठवतंय का? आता तो माणूस माझ्याच्यानं नीट पोसला जात नाही, वाळत चाललाय, असं तुम्हाला कागदावर हवंय. शिवाय मीठ काढून घ्यायचं, म्हणजे माझ्या हाताला चव नाही हेही सिद्ध होईल.

आणखी एक गोष्ट परवाच कळली आणि माझा नुसता जळफळाट झाला. घरी येताना हे गाडीत सहज म्हणाले की माझा क्रमांक दोनशे चौदा, तो मी चिमीला केव्हाच कळवला. ज्या माणसाला लग्नाची तारीख विचारली तर बोटं मोजावी लागतात त्याला हा क्रमांक पाठ. तेव्हा सरळ विचारते. तुम्ही बघितलात का? बघितला असेल तर मला सांगा. मी त्यांची बायको आहे, हे तुमच्या प्रयोगशाळेत लिहिलेलं नसलं तरी.

डॉक्टरांनी जाताना एक कागद दिला आहे, काय काय जपायचं त्याचा. तो ह्यांच्या खिशात आहे. मागितला तर म्हणतात, सगळं तोंडपाठ आहे. लोभाचं नंतर बघू.

तुमची,
वहिनी


१३ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

क्रमांक त्यानं फोनवर सांगितला, मी विचारला नव्हता. नळी मी बघितलेली नाही. तसं करणं माझ्या कामात बसत नाही आणि तू माझ्यावर विश्वास ठेवावास.

डाव मी काढून घेतला होता, खरं आहे. चौदा वर्षांची होते. आई गेल्यापासून दादाचं ताट मीच वाढत होते आणि अचानक एका बाईनं ते काम माझ्या देखत सुरू केलं, तेही माझ्यापेक्षा चांगलं. तुला वाटतं तूच एकटी बाहेरच्या बाकावर बसली आहेस. तो रोज सकाळी तुझ्यासमोर उठतो, कुरकुरतो, तुझ्या बाहीत चुका काढतो. मला फोनवर त्याचा आवाज मिळतो, तोही इकडची लाइन चांगली असली तर. तुझा हेवा मी बावीस वर्षं करते आहे. आज लिहून टाकलं.

वजनाचा काटा मी पार्सलनं पाठवला असता, पण तू तो बांधूनच ठेवशील. म्हणून हात जोडून सांगते, वहिनी, वजन कर. का ते विचारू नकोस. लोभ असो नसो, एवढं कर.

तुझी,
चिमी


१९ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

घ्या तुमचं वजन. आज सकाळी खास तुमच्यासाठी ह्यांना रिक्षात घालून दुकानात नेलं. हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हाच्या कागदावर साडेसदुसष्ट लिहिलंय, तो कागद मी धुवायच्या शर्टातून काढलाच. त्यावरचा आकडा तेवढा बघितला, बाकीचं ह्यांना तोंडपाठच आहे. काट्यावर आज आले बहात्तर. बारा दिवसांत साडेचार किलो, तेही माझ्या हातचं खाऊन. दुकानदारानं काटा तपासून पाहिला, तरी बहात्तरच.

तुमच्या त्या नळ्यांना हे सांगा. मी ह्यांची पँट आठवड्यात दोनदा उसवून सैल केली आहे. आता शिलाईत कापडच उरलेलं नाही, नवी शिवावी लागणार. इतकी वर्षं लोकांच्या मापांत घालवली, पण टेपवरचा आकडा वाढलेला बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. गाल भरलेत. बूटसुद्धा घट्ट होतात, संध्याकाळी काढले की पायावर मोज्यांचे वळ राहतात इतके पाय भरलेत. मीठही घालते, सांगून टाकते. पहिले दोन दिवस बिनमिठाचं सूप त्यांनी असं प्यायलं की मलाच दया आली.

तक्रारी म्हणाल तर किरकोळ आहेत. आळशी झालेत. जिना चढताना मधेच थांबून शेजारच्यांशी गप्पा मारतात. झोपायला आता तीन उशा लागतात, आडवं झालं की खोकला येतो म्हणे. माझ्या कापडांची धूळ असेल. मशीन मागच्या खोलीत हलवते आहे.

तुम्ही हुशार आहात, वन्सं, घरात सगळ्यांत हुशार. पण माणूस कशानं उभा राहतो ते तुमच्या यंत्रात दिसत नाही, हे आता मान्य करा. ह्यांना मी उभं केलं. या पत्राला उत्तर द्यायची घाई नाही. लोभ माझ्याकडे आज भरपूर आहे, हवा तेवढा घ्या.

तुमची,
वहिनी


२५ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मी पुन्हा त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर. परिचारिका म्हणाली की जागा राखून ठेवली होती. काळजी करू नकोस, आता श्वास नीट आहे, फक्त मनगटावरच्या सुईमुळे अक्षर वेडंवाकडं येतंय.

झालं ते असं. रविवारी सकाळी मी खुर्चीत बसलो होतो आणि दारात रुग्णवाहिका. म्हणे डॉक्टरांनी पाठवली आहे. तुझी वहिनी दारात कात्री घेऊन उभी राहिली आणि त्या दोघांना म्हणाली की पत्ता चुकलाय, आमच्याकडे कोणी आजारी नाही, आमचं माणूस ठणठणीत आहे. मलाही तसंच वाटत होतं. त्यांचं समाधान करावं म्हणून मी बूट घालायला वाकलो आणि वर आलोच नाही. छातीवर कोणीतरी ओल्या वाळूची गोणी ठेवावी तसा श्वास अडकला. तिच्या हातातून कात्री पडली तेवढी ऐकू आली.

डॉक्टर सांगतात की हृदय थकलंय, त्यामुळे अंगात पाणी साठत होतं, पायांतून फुफ्फुसांपर्यंत. इंजेक्शनं देऊन बरंचसं काढलं. दोन दिवस उशीर झाला असता तर हे पत्र लिहायला मी नसतो, असंही त्यांनी हळूच सांगितलं. पहिल्या वेळच्या कागदावर वजन वाढलं तर लगेच या असं लिहिलं होतं. मी तो नीट वाचला नव्हता. तुझ्या वहिनीला हे सांगायची हिंमत नाही, तू सांगू नकोस.

पण तुला तिकडे बसून कसं कळलं? डॉक्टर म्हणतात, शनिवारी दुपारी तुझा फोन आला, त्या वेळी ते बाहेर होते, निरोप त्यांना सकाळी मिळाला. मी तर तुला काही बोललो नव्हतो. वहिनीला विचारलं तर तोंडाला कुलूप. दोन दिवस नुसती माझ्या पायांकडे बघत बसते. भेटीचा तास मात्र एक मिनिट वाया घालवत नाही. तुमचं दोघींचं काहीतरी बिनसलंय का? मला कळव, मी मिटवतो.

तुझा,
दादा


२९ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

काल ह्यांना घरी सोडलं. वजन सदुसष्टला आलं. पाय पूर्वीसारखे बारीक दिसतात आणि ते बघून मला रडू येतं. ज्या पायांचं मला कौतुक वाटत होतं ते पाण्यानं फुगले होते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तुम्ही क्रमांक बघितला होतात. पाच तारखेच्या पत्राआधीच. ताणाचा आकडा खूप वर होता, ह्यांना त्रास होणार हे तुम्हाला दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं, म्हणून वजनाचा धोशा लावलात. माझं पत्र वाचून तुम्ही डॉक्टरांना फोन केलात आणि सोमवारी स्वतः साहेबांसमोर जाऊन सांगितलंत की नियम मोडला. दोनशे चौदा क्रमांक बाद झाला, आणि तुम्हीही. आता तुम्ही खालच्या मजल्यावर लोकांची साखर आणि लघवी तपासता. मला हे परक्या माणसाकडून कळलं.

कळवलं असतंत तर मी वजन केलं असतं का? विचार करून लिहिते, वन्सं. केलं नसतं. तुमच्या आकड्याला खोटं पाडायला आणखी दोन चमचे मीठ घातलं असतं. तेव्हा मी तशीच होते.

त्यांचा जीव तुमच्यामुळे वाचला. हे लिहिताना हात जड झालाय आणि त्याचं कारण लाज एवढंच नाही. अजूनही मी जळते. त्यांच्यासाठी तुम्ही तीन वर्षांचं काम सोडलंत. माझ्याकडे सोडण्यासारखं असं काय आहे? एक मशीन. ते सोडून तरी कोणाचं काय भलं होणार. त्यातही तुम्ही माझ्या पुढे गेलात, आणि या वेळी मला रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीत. लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुमची,
वहिनी


३ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुला जागा हवी आहे ना रागवायला, ती मी देते. हे पत्र दादाला दाखवू नकोस.

नळी बघितली नाही असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. दुसरी नळी आली त्याच दिवशी बघितली. खरं सांगितलं असतं आणि तू कोणाकडे बोलली असतीस तर माझं काम गेलं असतं, हीच भीती होती. म्हणून वजन कर म्हटलं आणि का ते लपवलं. वजन वाढलं तर धोका, हे चार शब्द लिहिले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. ते मी माझ्या खुर्चीसाठी लिहिले नाहीत. तेव्हा मी काही सोडलं वगैरे म्हणू नकोस. सोडलं ते उशिरा, आणि हातातून जातच होतं.

पण हे सांगायला मी बसलेले नाही. तुझं एकोणीस तारखेचं पत्र शनिवारी आलं, मी नुकताच चहा करून घेतला होता. साडेचार किलो वाचलं. मोज्यांचे वळ वाचले, तीन उशा वाचल्या. काय चाललंय ते मला तिसऱ्या ओळीत कळलं होतं. आणि वहिनी, मला आनंद झाला. दादाच्या फुफ्फुसात पाणी भरतंय हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की माझा आकडा बरोबर निघाला आणि ती चुकली. आता तिला कळेल. मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश, चव घेत. चहा पूर्ण संपवला. कप विसळून ठेवला. मग फोनकडे गेले. तेव्हा डॉक्टर नुकतेच बाहेर पडले होते. पाच मिनिटं आधी फोन आला असता तर भेटले असते, असं पलीकडून सांगितलं. तुमच्या घरी लावला, तर लाइनच मिळेना.

त्या पाच मिनिटांमुळे दादा आणखी एक दिवस त्या खुर्चीत बसला. साहेबांना मी नियमाचं सांगितलं. कपाचं कोणालाच सांगितलेलं नाही. हे वाचून तू माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस तरी मी समजेन. लोभ ठेवणं तुझ्या हातात.

तुझी,
चिमी


७ एप्रिल

प्रिय चिमी,
अ. उ. आ.

बावीस वर्षं तुला वन्सं आणि तुम्ही म्हणून लांब ठेवलं, आता पुरे झालं.

तुझं पत्र वाचून मी चिडायला बसले आणि चिडता येईना. पँट दुसऱ्यांदा उसवण्याआधी माप घेतलं तेव्हा टेपखाली त्यांच्या पोटाचं कातडं ताणून चकाकत होतं. मी शिंपीण आहे, बाई. भरलेलं अंग आणि फुगलेलं अंग टेप लावताना वेगळं लागतं. हात सांगत होता. मी ऐकलं नाही, कारण त्या आठवड्यात मला बरा झालेला नवरा नको होता, चुकलेली नणंद हवी होती. त्या दोन शिलायांना किती वेळ लागला असेल ते तू मोजत बसू नकोस, आणि तुझा चहा मी मोजणार नाही.

घरी काटा आणलाय, वजन आता रोज सकाळी होतं, आज साडेसहासष्ट. कागद माझ्या मशीनवर टाचून ठेवलाय. चैत्र संपेपर्यंत दोन गल्ल्या चालायची परवानगी मिळेल असं डॉक्टर म्हणतात. सुट्टी मिळाली की निघून ये. मशीनची खोली तुझ्यासाठी रिकामी करते.

तुझ्या दादाची मात्र पंचाईत झाली आहे. टपाल आल्यापासून पाचदा विचारलं, चिमीनं काय लिहिलंय. आधी सहज म्हणून, मग हक्कानं, आता रुसून. आजवर तुझं मला आणि माझं तुला जे काही कळायचं ते त्यांच्या तोंडून, हव्या तेवढ्या काटछाटीनं. पहिल्यांदाच आपल्या दोघींत असं काही आहे जे त्यांना ठाऊक नाही, आणि कधी कळणारही नाही. मी सांगितलं, तुमच्या कामाचं त्यात काही नाही. तेव्हापासून खिडकीकडे तोंड करून बसलेत आणि मधूनच मान वळवून मी कुणाला लिहिते आहे ते बघताहेत. बघू देत. मी अजून एक पान लिहिणार आहे.

तुझी,
वहिनी